मागच्या डिफरन्शियलला कोणतं ऑइल? नव्वद की एकशे चाळीस, आणि बाटलीतलं 'ॲडिटिव्ह' खरंच लागतं का

देगलूर, उदगीर, औराद, बिदर, उमरगा या पट्ट्यातल्या वाहनधारकांसाठी हैदराबाद हे जुन्या गाड्यांचं आणि सुट्या भागांचं जवळचं मोठं ठिकाण. नंबरप्लेटवर जुनं 'एपी' असो, राज्य वेगळं झाल्यावरचं 'टीएस' असो की मार्च २०२४ पासूनचं 'टीजी', गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर दाबून बघितले जातात, एनओसी आणि विम्याचे कागद तपासले जातात. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोंबणारा लोखंडी भोपळा मात्र खाली वाकून कुणी बघत नाही. त्या भोपळ्यात साधारण दीड ते तीन लिटर तेल असतं आणि क्राउन-पिनियनचं सगळं आयुष्य त्या तेलावर चालतं. तेल वेळेवर बदलायचा खर्च डिझेलच्या एका टाकीपेक्षा कमी. क्राउन-पिनियन गेलं तर भाग, बेअरिंगा आणि सेटिंगची मजुरी मिळून महिन्याचा हप्ता मागं पडतो, शिवाय ऐन लग्नसराईत किंवा ऊसतोडीच्या दिवसांत गाडी गॅरेजात उभी राहते.

आधी गाडीला मागचा डिफरन्शियल आहे का ते बघा

स्विफ्ट, अल्टो, आय-टेन यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागं डिफरन्शियल नसतोच. त्यांचा डिफरन्शियल पुढं गिअरबॉक्सच्या पोटातच असतो आणि दोघांचं तेल एकच. इनोव्हा हायक्रॉसही पुढच्या चाकांवर चालते. त्यामुळे 'इनोव्हा आहे म्हणजे मागं हाउसिंग असणारच' हा हिशेब आता चालत नाही.

हा लेख ज्यांच्या कामाचा आहे त्या गाड्या म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, जुनी इनोव्हा आणि क्रिस्टा, फॉर्च्युनर, टवेरा, सुमो, ओम्नी, ईको, टाटा एस आणि सगळ्या पिकअप. टवेरा, सुमो, ओम्नी आता कारखान्यातून येत नाहीत, पण सीमाभागातल्या वडाप आणि भाड्याच्या धंद्यात त्या अजून राबतात. पिकअपबद्दल तर बोलायलाच नको. जहीराबादचा महिंद्राचा कारखाना, मूळचा ऑल्विन निस्सानचा, याच रस्त्यावर आहे.

फोर-व्हीलच्या गाड्यांना पुढंही एक डिफरन्शियल असतो आणि मध्ये ट्रान्स्फर केस. या तिघांना तेल एकच लागतं असं धरून चालू नये.

साधं तेल का चालत नाही

इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट लांबीत फिरतो, चाकं मात्र आडव्या दांड्यावर फिरतात. ही दिशा काटकोनात वळवायचं काम पिनियन आणि क्राउन करतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे छोटे गिअर क्राउनच्या आत बसवलेले असतात.

अडचण आहे ती दातांच्या आकारात. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं मोटारीत हायपॉइड गिअर आणला. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यावर न बसता थोडा खाली बसतो. त्यामुळे शाफ्ट खाली जातो, गाडीची फरशी खाली घेता येते, एकाच वेळी जास्त दात एकमेकांत गुंततात आणि आवाज कमी होतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. साध्या गिअरचे दात पोळीवर लाटणं फिरावं तसे एकमेकांवर लोळतात. हायपॉइडचे दात पाट्यावर वरवंटा ओढावा तसे दाबाखाली घासत सरकतात. भरलेली पिकअप चढावर पहिल्या गिअरमध्ये उचलली की दातांमधला तेलाचा पातळ पडदा फाटतो आणि लोखंड लोखंडाला भिडतं.

हा प्रसंग सांभाळण्यासाठी तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात. यालाच एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे 'ईपी' ॲडिटिव्ह म्हणतात. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी असलेलं 'ईपी नाइन्टी' इथूनच आलं. घर्षणानं दाताचा तेवढा ठिपका तापला की ही संयुगं तिथल्या लोखंडाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात. मग दात झिजण्याऐवजी तो थर झिजतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाकात जाणारा तो उग्र, सडक्या अंड्यासारखा वास या गंधकाचाच. तेव्हा नवीन तेलाला वास येतो म्हणून ते खराब आहे, असं नाही.

डब्यावरचे दोन आकडे

डब्यावर वाचायच्या गोष्टी दोनच. एक, तेलाचा घट्टपणा: ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४०, ७५डब्ल्यू-९० वगैरे. दुसरी, दर्जा: जीएल-४ किंवा जीएल-५. दुकानात चर्चा होते ती बहुतेक पहिल्याच आकड्याची. डिफरन्शियल वाचतो की जातो ते मात्र जास्त करून दुसऱ्यावर ठरतं.

आधी पहिला आकडा. 'इंजिनात ४० नंबर, हाउसिंगमध्ये ९०, म्हणजे दुप्पट घट्ट' ही समजूत सर्रास आहे आणि ती चूक आहे. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलचे आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजले जातात. १०० अंश सेल्सियसला ९० नंबरचं गिअर ऑइल हे ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. १४० नंबरचं मात्र त्याहून बरंच घट्ट.

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशापर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत पुरेसं वाहतं राहतं. हैदराबाद, बिदर, नांदेड सोडा, आदिलाबादच्या कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे आपल्याकडे निव्वळ थंडीसाठी महागडं ७५डब्ल्यू घ्यायचं कारण नाही. पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० किंवा, काही नव्या टोयोटांत असतं तसं, ७५डब्ल्यू-८५ लिहिलं असेल तर तेच घ्यावं. तिथं बेअरिंगांची सेटिंग आणि इंधनाची बचत त्या पातळ तेलाच्या हिशेबानं ठरवलेली असते.

मॅन्युअलमध्ये ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असे दोन्ही पर्याय असतील तर साधा निकष असा: घरगुती आणि सवारीच्या गाडीला ८०डब्ल्यू-९०, सतत पूर्ण भारानं चालणाऱ्या पिकअपला उन्हाळ्यात ८५डब्ल्यू-१४०. दोन्ही पर्याय नसतील तर 'मे महिन्यात हैदराबादेत ४२ डिग्री असते' एवढ्या कारणावरून १४० कडे जाऊ नये. जास्त घट्ट तेल घुसळायला जास्त ताकद लागते, त्यातून उष्णता वाढते, डिझेल जास्त जातं, आणि सकाळी गाडी निघाल्यावर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो.

जीएल-४ आणि जीएल-५: एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतू नका

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं गिअर ऑइलचे जीएल-१ ते जीएल-६ असे दर्जे ठरवले होते. मोटारींसाठी आज वापरात आहेत ते जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५ मध्ये ईपी ॲडिटिव्हचं प्रमाण जास्त. ते हायपॉइड गिअरसाठी, अचानक बसणारे झटके सोसण्यासाठी बनवलेलं. जीएल-४ सौम्य, मुख्यतः सिंक्रोमेश गिअरबॉक्ससाठी.

गॅरेजात होणारी सगळ्यात महागडी चूक इथं होते. पाच लिटरचा एक डबा आणला, अर्धा गिअरबॉक्समध्ये, अर्धा हाउसिंगमध्ये. मिस्त्रीचंही काम सोपं, मालकाचेही चार पैसे वाचले. पण डबा जीएल-४ चा असेल तर भाराखाली पिनियनच्या दातांवर ओरखडे पडू लागतात. ते लगेच कळत नाही, पाच-दहा हजार किलोमीटरनंतर आवाज सुरू होतो आणि तोवर तेलाचा विषय सगळे विसरलेले असतात.

उलट डबा जीएल-५ चा असेल तर धोका गिअरबॉक्सला. तिथल्या सिंक्रोनायझर रिंगा अनेक गाड्यांत पितळेच्या असतात. त्या रिंगांना काम करायला थोडं घर्षण लागतं, आणि जीएल-५ इतकं निसरडं असतं की गिअर टाकताना खरखर होऊ शकते. शिवाय तापलेल्या तेलातलं क्रियाशील गंधक पितळेला खातं. नव्या पद्धतीच्या काही तेलांत हा दोष बराच कमी केलेला आहे आणि काही डब्यांवर दोन्ही दर्जे छापलेले असतात. तरी गिअरबॉक्ससाठी मॅन्युअलमध्ये फक्त जीएल-४ असेल तर तिथं जीएल-४ च टाकावं. एक-एक लिटरचे वेगळे डबे घेतले की हा प्रश्नच मिटतो.

सीमाभागात आणखी एक सवय दिसते. घरी ट्रॅक्टर असतो, ट्रॅक्टरच्या गिअर आणि हायड्रॉलिकच्या तेलाची बादली असते, त्यातलंच जीपच्या हाउसिंगमध्ये. ट्रॅक्टरचं ते तेल तेलात बुडालेल्या ब्रेकसाठी आणि हायड्रॉलिकसाठी बनवलेलं असतं, हायपॉइडसाठी नाही. इंजिनातून उरलेलं तेलही तसंच. पातळी भरते, संरक्षण मिळत नाही.

घट्ट तेलानं आवाज बंद होतो, आजार नाही

जुनी गाडी घेणाऱ्यानं हे प्रकरण नीट वाचावं. मागून 'हूंऽऽ' असा आवाज येणाऱ्या गाडीत १४० नंबरचं किंवा त्याहून घट्ट तेल भरलं की आवाज काही दिवस दबतो. तेवढ्यात गाडी विकली जाते. ही युक्ती ना हैदराबादची ना आपल्याकडची, जगभर जुनी आहे. तेलात लाकडाचा भुसा मिसळायचा, असाही प्रकार सांगितला जातो. रोआल्ड डाल यांच्या १९८८ च्या 'मटिल्डा' या मुलांच्या कादंबरीतला जुन्या गाड्यांचा व्यापारी बापसुद्धा गिअरबॉक्समध्ये भुसाच भरतो.

त्यामुळे गाडी बघायला गेल्यावर ती थोडी चालवून, तापल्यावर बघावी. थंड गाडीत घट्ट तेल सगळं लपवतं, तापल्यावर तेवढं लपवू शकत नाही. पटानचेरूकडून रिंग रोडला किंवा मोकळ्या रस्त्याला लागावं, काच वर, एसी आणि टेप बंद. ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज आणि सोडल्यावर गायब, किंवा उलट, तर संशय क्राउन-पिनियनवर. पाय कुठंही असला तरी आवाज वेगाबरोबर वाढत जात असेल आणि गाडी एका बाजूला कलल्यावर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. फक्त वळणावर येत असेल तर आतले छोटे गिअर किंवा हाफ शाफ्टची बेअरिंग. आणि गाडी उचलताना 'टक्' असा एकच ठोका बसत असेल तर आधी शाफ्टचे क्रॉस बघावेत. क्रॉस ढिले असताना हाउसिंग खोलून ठेवल्याची उदाहरणं गॅरेजोगॅरेजी सापडतील.

विकणारा तयार असेल तर भरणीचा नट खोलून बोटानं थोडं तेल काढून बघावं. बोटावर राळेसारखं घट्ट, चिकट येत असेल तर ते का भरलं हे विचारायला हरकत नाही.

बाटलीतलं ॲडिटिव्ह

आता तो रंगीत बाटल्यांचा प्रश्न. सिकंदराबादचं राणीगंज असो की आपल्या तालुक्याचं ऑटो पार्ट्सचं दुकान, काउंटरवर त्या ओळीनं मांडलेल्या असतात: आवाज कमी, गिअर मऊ, मायलेज जास्त.

साध्या, म्हणजे लॉक नसलेल्या डिफरन्शियलसाठी उत्तर सरळ आहे. दर्जेदार जीएल-५ तेलात लागतं ते ईपी ॲडिटिव्ह कारखान्यातच, मोजून मिसळलेलं असतं. त्याच्याबरोबर फेस मोडणारं आणि गंज रोखणारं रसायनही असतं. ही सगळी एकमेकांशी जुळवलेली असतात. वरून आणखी काही ओतलं की जुळणी बिघडते. फेस वाढला तर दातांमध्ये तेलाऐवजी हवा जाते. गंधक वाढलं तर भाग खाल्ले जातात. भाजीत मीठ बरोबर असताना वरून मूठभर टाकल्यासारखंच ते.

मॉलिब्डेनम किंवा टेफ्लॉनसारखी घन पूड असलेल्या बाटल्यांचंही तेच. इंजिनात टाकायच्या अशाच एका टेफ्लॉनवाल्या द्रव्याच्या, 'स्लिक ५०' च्या, जाहिरातींतले दावे पुराव्याशिवाय केले म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९० च्या दशकात कारवाई केली होती. झिजलेला दात भरून काढील असं कुठलंच द्रव्य नाही. बाटलीच्या पैशात बहुधा एक लिटर चांगलं तेल येतं. तेच घ्यावं.

एक अपवाद खरा आहे. काही गाड्यांत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असतो, त्यात क्लचसारख्या चकत्या असतात. या चकत्या वळणावर एकमेकींवर हळूच सरकायला हव्यात. त्यासाठी तेलात 'फ्रिक्शन मॉडिफायर' लागतं. ते नसेल तर हळू, जवळच्या वळणावर मागून कडकड-थरथर जाणवते. 'एलएस' असं लिहिलेल्या तेलात ते आधीच घातलेलं असतं, मग वेगळी बाटली नको. ते जास्त झालं तर चकत्या घसरतच राहतात आणि चिखलात चाक फिरायला लागल्यावर लॉकचा उपयोग राहत नाही.

थार, स्कॉर्पिओ-एन, बोलेरो निओ यांच्या काही प्रकारांत मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतो. त्याची रचना वेगळी आहे. 'लॉकवाला आहे म्हणजे मॉडिफायर पाहिजे' असं समजू नये. मॅन्युअलमध्ये नाव घेऊन सांगितलं असेल तरच टाकावं. ज्या गाड्या घसरणारं चाक ब्रेक लावून थांबवतात त्यांचा डिफरन्शियल आतून साधाच असतो, त्याला काहीच वेगळं लागत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादच्या अनेक वस्त्यांत गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा गाड्या धुऊनपुसून पुढं विकल्या जातात, सीट आणि वायरिंग बदललं जातं. हाउसिंग कुणी उघडत नाही. पुराचं पाणी सोडा, मांजरा किंवा मन्याडच्या एखाद्या फरशी पुलावरून भरल्या पाण्यातून गाडी काढली तरी तेच होऊ शकतं.

कारण असं: हाउसिंगच्या वर हवा जायला-यायला एक छोटी टोपी किंवा नळी असते, ब्रीदर. गाडी चालून हाउसिंग तापलेलं असतं. ते थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ, ताकासारखं दिसू लागतं. असं तेल गाळून किंवा 'बसू देऊन' वापरता येत नाही. लगेच बदलावं, आणि थोडं चालवून पुन्हा एकदा. पाणी महिनाभर आत राहिलं तर बेअरिंगांवर गंजाचे डाग पडतात आणि मग तेल कुठलंही टाका, आवाज यायचाच.

ब्रीदर चिखलानं बंद झाला तर उलटा त्रास. तापलेली हवा बाहेर पडत नाही, दाबानं सीलमधून तेल बाहेर येतं. मिस्त्री सील बदलतो, दोन महिन्यांत पुन्हा गळती. सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करायला पाच मिनिटं लागतात.

बदलताना

गाडी सपाट जागेवर, थोडी चालवून तेल कोमट झाल्यावर. आधी वरचा भरणीचा नट सुटतो का ते बघावं, मगच खालचा ड्रेन नट खोलावा. तेल काढून टाकलं आणि भरणीचा नट गंजून अडकला तर गाडी तिथंच अडकते. ड्रेन नटला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. चकाकणारे कण, तुकडे किंवा दाताचा टवका मिळाला तर तेल भरून भागणार नाही, हाउसिंग उघडावंच लागेल.

नवं तेल भरणीच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरावं, मॅन्युअलमध्ये वेगळं माप नसेल तर. 'थोडं जास्त असलं तर चांगलंच' हे इथं लागू नाही. जास्त तेल फेसाळतं, तापतं आणि हाफ शाफ्टच्या सीलमधून मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरतं. ब्रेक लायनिंग तेलानं माखलं की मागचा ब्रेक लागत नाही. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले तर गाडी घाटात घालू नये.

किती किलोमीटरनं बदलायचं हे मॅन्युअलमध्ये असतं. सतत भार, कच्चे रस्ते, पाण्यातून जाणं असेल तर तिथं लिहिलेल्या अंतराच्या आधी. जुनी गाडी घेतली असेल आणि आधीची नोंद नसेल तर घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात तेल बदलून घ्यावं, म्हणजे चुंबकावर काय आहे तेही कळतं.

तेल घेताना सुटं, ड्रममधलं शक्यतो टाळावं. सर्वो, एचपी, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, व्हीडॉल यांपैकी कुठलंही चालेल, दर्जा आणि नंबर बरोबर असला की ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तयार केल्याची तारीख बघावी, जीएसटीचं बिल घ्यावं. दुसऱ्या राज्यातून घेतलेल्या मालाची तक्रार बिलाशिवाय करणं अवघड जातं. रिकामा डबा टाकताना झाकण आणि लेबल फाडून टाकावं, नाहीतर तोच डबा भरून परत बाजारात येतो.

काढलेलं जुनं तेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नये, विहिरीचं पाणी खराब होतं. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या गॅरेजात द्यावं. काम झाल्यावर तारीख, किलोमीटर, तेलाचा नंबर आणि जीएल दर्जा एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावा, आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदा भरणीचा नट खोलून पातळी आणि सीलची गळती बघावी.